पीयूसीत नापास झालेली जुनी पेट्रोल गाडी: चिठ्ठीवरचे आकडे आधी वाचा

पीयूसीत गाडी नापास झाली की गॅरेजमधून दोनच उत्तरं येतात. "कॅट-कॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेलाय, नवा टाकावा लागेल," नाहीतर "प्लग-फिल्टर बदलून बघू." बहुतेक वेळा उत्तर देणाऱ्याने चिठ्ठी हातातही घेतलेली नसते. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) किती टक्के आणि हायड्रोकार्बन (एचसी, म्हणजे न जळलेलं इंधन) किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग), हे तिच्यावर छापलेलं असतं. ही जोडी नीट बघितली तर इंजिनाच्या कुठल्या बाजूला हात घालायचा, हे निम्मंअधिक तिथेच ठरतं. ती न बघता सुटे भाग बदलत सुटणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

जून २०२१ च्या अधिसूचनेपासून नापास गाडीला कारणासह रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद आहे. ती मागून घ्या. मिळाली नाही तर यंत्राच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. जुन्या गाडीच्या निकालासाठी सीओ आणि एचसी एवढेच आकडे लागतात, पण यंत्र चार वायूंचं असेल तर स्क्रीनवर कार्बन डायऑक्साइड (सीओटू) आणि ऑक्सिजनही दिसतात. रोग ओळखायला खरे कामाचे तेच दोन.

मर्यादा किती, हे गाडीचं प्रदूषणाचं मानक, म्हणजे तिची भारत स्टेज, ठरवतं. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकीला आयडलिंगवर सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालतं. स्टेज दोन आणि तीनला ०.५ टक्का आणि ७५०. स्टेज चारपासून पुढे ०.३ टक्का आणि २००, शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास रेस ठेवून सीओ ०.२ टक्क्याच्या आत आणि लॅम्डा (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३. मुंबईत स्टेज तीन एप्रिल २००५ ला आलं आणि चार एप्रिल २०१० ला. म्हणजे २००७ ची वॅगन-आर किंवा सँट्रो ०.५ आणि ७५० च्या रकान्यात बसते. चिठ्ठीवर मानक कुठलं आलंय तेही बघून घ्या. २००९ ची गाडी चुकून स्टेज चार म्हणून चढली असेल, तर गाडी धडधाकट असूनही नापास होऊ शकते आणि तिथे पान्ह्याचा काही उपयोग नाही. स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांची पीयूसी सहाच महिन्यांची असते, त्यामुळे ही उस्तवार वर्षातून दोनदा.

इथे फक्त पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल लिहितोय. डिझेलची धुराची चाचणी पूर्ण वेगळी. तिच्यात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून इंजिन कमाल रेसला नेतात, म्हणून जुन्या डिझेलचा टायमिंग बेल्ट कधी बदलला हे आठवत नसेल तर आधी तो बदला आणि मगच चाचणीला जा.

हत्यारं काढण्याआधी

नापास झालेल्या बऱ्याच गाड्यांत मोठा बिघाड नसतो, त्या फक्त थंड असतात. कॅट-कॉन साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढे तापला की काम करू लागतो. बिल्डिंगच्या कंपाउंडमधून निघून कोपऱ्यावरच्या पंपावर गेलेली गाडी एवढी तापत नाही. तापलेली गाडीसुद्धा रांगेत दहा-पंधरा मिनिटं आयडलिंगवर उभी राहिली की कॅट-कॉन पुन्हा निवतो. वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर, पूर्व द्रुतगती महामार्गावर किंवा फ्रीवेवर, चौथ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये वेगमर्यादा सांभाळून चालवा. रेडिएटरचा पंखा एकदा तरी लागलेला असू द्या. यंत्राचा प्रोब, म्हणजे धूर खेचणारी नळी, सायलेन्सरमध्ये जायच्या आधी दोन-तीन मिनिटं २५०० ची रेस धरा, एसी बंद करा, हेडलाइट बंद करा, मग रेस सोडून आयडलिंग स्थिर होऊ द्या.

प्रोब सायलेन्सरच्या पाइपात किमान ३०० मिलिमीटर आत गेला पाहिजे. अर्धवट घातला तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडे खोटे चांगले येतात. हे ओळखायला सीओ आणि सीओटू यांची बेरीज बघा. पेट्रोलवर धडधाकट इंजिनाचा सीओटू १४ ते १५ टक्के असतो. बेरीज १२ च्या खाली आणि ऑक्सिजन बराच वर असेल तर प्रोब बाहेर आलाय, सायलेन्सर फुटलाय, नाहीतर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाहीये. सीएनजीवर सीओटू मुळातच कमी असतो, अकरा-साडेअकराच्या वर तो जात नाही, तेव्हा तिथे हा ताळा लावू नका. पावसाळ्यात यंत्राच्या पाणी धरणाऱ्या बाटलीत पाणी साचलंय का, तेही बघा. ती भरली की आकडे इकडे-तिकडे धावतात.

आकड्यांची जोडी

समजा स्टेज तीनच्या गाडीचा सीओ २.८ टक्के आहे, एचसी ३८० आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्य. एचसी पास झाला म्हणून प्लग चांगले आहेत, फक्त पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे गाडी रिच आहे. आता दुसरी गाडी: सीओ ०.२, एचसी ११५०, ऑक्सिजन ४ टक्के. इथे पेट्रोल जास्त नाही, ते जळतच नाहीये. एक सिलिंडर मिसिंग मारतोय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत येतेय. दोन्ही आकडे वर असतील तर बहुधा मिसिंगमुळे ऑक्सिजन सेन्सर फसला आहे आणि ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल वाढवलं आहे. ते कसं, ते पुढे येईलच. आणि सीओ, एचसी दोन्ही मर्यादेच्या थोडेसेच वर, बाकी सीओटू चांगला, आयडलिंग लोण्यासारखं, गाडी पूर्ण तापलेली, एवढं सगळं जुळलं तरच कॅट-कॉनवर संशय घ्या.

सीओ जास्त: पेट्रोल कोण वाढवतंय?

मुंबईत सर्वांत आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह, तपासावा असं माझं मत आहे. ट्रॅफिकमध्ये गाडी एकदा गरम झाली की "आपल्याकडे कसली थंडी, वॉल्व्हची गरज नाही" म्हणत तो काढून टाकायची इथल्या गॅरेजांत जुनी खोड आहे. तो नसला की पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन तापायला फार वेळ लागतो आणि मोकळ्या रस्त्यावर तापमान पुन्हा उतरतं. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल देत राहतो. तपासायची रीत सोपी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावा. थर्मोस्टॅट असेल तर पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर आत वॉल्व्ह नाही किंवा तो उघडा अडकलाय. नवा टाकताना पॅकिंगसकट घ्या आणि बसवल्यावर कूलंटमधली हवा काढा. हवेचा फुगा सेन्सरपाशी अडकला तर तो पाण्याऐवजी वाफेचं तापमान सांगतो.

त्यानंतर कूलंट टेंपरेचर सेन्सर. हा ईसीयूचा सेन्सर असतो, डॅशबोर्डच्या काट्याचा बऱ्याच गाड्यांत वेगळा. काटा बरोबर दाखवतोय म्हणून हा बरोबर असं नाही. इंजिन थंड असताना कनेक्टर काढून मल्टिमीटरने रोध मोजा. मुंबईच्या तिशीच्या तापमानाला तो साधारण दीड ते अडीच किलोओहम यावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर दोनशे ते चारशे ओहमपर्यंत उतरावा. नेमका तक्ता गाडीच्या मॅन्युअलात असतो. तापल्यावरही हजाराच्या घरात राहिला तर इंजिन कायमचं थंड आहे असाच ईसीयूचा समज होणार. सेन्सर महाग नसतो. मात्र कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज असेल, आणि इथल्या खाऱ्या हवेत तो असतोच, तर नुसत्या कॉन्टॅक्ट क्लीनरनेही काम होतं. आधी ते करून पुन्हा मोजा.

ऑक्सिजन सेन्सरवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी याचीच होते. जुन्या गाड्यांतला झिर्कोनियाचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होत असतो. ०.४५ च्या वर रिच, खाली लीन, म्हणजे पेट्रोल कमी. सिग्नलच्या वायरला डिजिटल मीटर लावा, तेही कनेक्टरच्या मागून पिन सरकवून. वायर टोचू नका, टोचलेल्या जागी पाणी शिरतं. इंजिन तापवून २५०० ची रेस धरली की दहा सेकंदांत निदान पाच-सहा वेळा तरी आकडा इकडून तिकडे गेला पाहिजे. तो ०.८ ला चिकटून बसला असेल तर सेन्सर खराब की गाडी खरंच रिच, हे ओळखायला इनटेक मॅनिफोल्डची एक व्हॅक्यूम नळी क्षणभर काढा. आकडा झटक्यात ०.२ च्या खाली आला तर सेन्सर खरं बोलतोय आणि पेट्रोल दुसरीकडूनच येतंय. ढिम्म हलला नाही तर सेन्सर बदला.

याच्या उलटी भानगड अधिक फसवी. सेन्सर सतत ०.१ दाखवतोय, म्हणजे लीन, आणि चिठ्ठीवर सीओ तीन टक्के! बऱ्याचदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा फ्लँज सेन्सरच्या अलीकडे फुटलेलं असतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. मिसिंगमध्येही हेच घडतं, न जळलेल्या सिलिंडरचा ऑक्सिजन सेन्सरवर जातो. वरळी-वर्सोव्यासारख्या समुद्राकाठच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे फ्लँज आणि पाइप आधी कुजतात. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरचं तोंड जाड ओल्या फडक्याने दोन-तीन सेकंद दाबून धरा. जिथून फुसफुस ऐकू येईल तिथे गळती. मॅनिफोल्डच्या जोडावर काळ्या काजळीची पट्टी दिसली तर कान लावायचीही गरज नाही.

सेन्सरच्या आत हीटर असतो, तो कोणी बघत नाही. हीटरच्या दोन वायरींमधला रोध साधारण ३ ते १५ ओहम येतो. मीटरने अनंत दाखवलं तर हीटर तुटलाय, नाहीतर त्याचा फ्यूज उडालाय. असा सेन्सर हायवेवर एक्झॉस्टच्या उष्णतेने चालतो आणि आयडलिंगवर थंड पडून झोपतो. पीयूसीची चाचणी नेमकी आयडलिंगवर होते! ॲव्हरेज ठीक, पिकअप ठीक आणि पीयूसीत सीओ जास्त, अशी तक्रार असेल तर इथे बघाच.

हे सगळं बरोबर निघालं तर पेट्रोल गळतंय का ते पाहायचं. फ्यूएल रेलवर प्रेशर रेग्युलेटर असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी काढून वास घ्या. आत पेट्रोल ओलं दिसलं की पडदा फाटलाय. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची नळी चिरली असेल तर ईसीयूला इंजिनावर भार आहे असं वाटतं. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी समुद्रसपाटीच्या मुंबईत त्याचा सिग्नल साधारण चार व्होल्टच्या आसपास येतो आणि आयडलिंगवर एक ते दीडपर्यंत उतरतो. टाकीतली वाफ धरणाऱ्या कॅनिस्टरच्या पर्ज व्हॉल्व्हचीही एक झटपट परीक्षा आहे: गाडी आयडलिंगवर, प्रोब आत, आणि पर्जची नळी चिमट्याने दाबा. सीओ लगेच उतरला तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय आणि टाकीतली वाफ मॅनिफोल्डमध्ये येतेय. ओळखीचा पीयूसीवाला असेल तर दुपारच्या मोकळ्या वेळी दहा मिनिटं यंत्र वापरू देतो, पैसे देऊन मागा. अंदाजाने टाकलेल्या एका सेन्सरपेक्षा ते केव्हाही स्वस्त.

इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते आधी बदला. दादर ते प्रभादेवी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पीसीव्हीच्या (ऑइलच्या भागातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या) नळीतून वाफ होऊन पुन्हा इंजिनात येतं.

एचसी जास्त: काय जळत नाहीये?

प्लग काढा आणि क्रमाने ओळीत ठेवा, कुठला कुठल्या सिलिंडरचा हे विसरू नका. तिन्ही किंवा चारही एकसारखे काळे, कोरड्या काजळीचे असतील तर गाडी रिच आहे, वरच्या 'सीओ जास्त' या भागाकडे वळा. एकच ओला, पेट्रोलच्या वासाचा असेल तर त्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही. एकच तेलकट असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी उभी काळी रेघ असेल तर ठिणगी गॅपऐवजी त्या रेघेवरून बॉडीला जातेय. तो प्लग पुसून परत लावण्यात अर्थ नाही, आणि त्याच्या टोपीचं रबरही तपासा, आत तीच रेघ उमटलेली असते. गॅप फीलर गेजने मोजा. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ०.७ ते ०.८, एमपीएफआयमध्ये (इंजेक्शनच्या गाड्यांत) बहुतेक १.० ते १.१ मिलिमीटर, सीएनजीवर चालवत असाल तर ०.७-०.८ वर आणा, कारण गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जुनी कॉइल तेवढं देत नाही.

प्लगच्या वायरी रात्री तपासाव्यात. बॉनेट उघडून, इंजिन सुरू ठेवून वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या किंवा आयडलिंग अडखळलं की वायरी बदला, सगळा सेट एकदम. पावसाळ्यात नापास होऊन हिवाळ्यात पास होणाऱ्या गाडीचं गुपित बहुधा हेच.

ठिणगी नीट असून एचसी वर असेल तर हवेची गळती शोधा. इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, यांच्या आसपास कार्ब क्लीनर थोडा थोडा मारा. जिथे आयडलिंग बदलेल तिथे भेग. तापलेल्या एक्झॉस्टवर मारू नका, पेट घेतो.

सीएनजीच्या गाडीत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट (क्लिअरन्स), विसरले जातात. गॅसवर व्हॉल्व्ह सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स कमी होत होत संपतो. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. टॅपेट वाजत नाहीत म्हणून मालक खूश, आणि एचसी हजारावर. थंड इंजिनावर मॅन्युअलप्रमाणे क्लिअरन्स लावा, मग कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडरांमध्ये एक-दीड किलोपेक्षा जास्त फरक राहिला तर हेड उतरवावं लागणार. गॅसवर यंत्राने दाखवलेला एकूण एचसी मोठा दिसला तरी घाबरू नका. त्यातला बराचसा मिथेन असतो, म्हणून नियमात त्याला ०.३ ने गुणून मिथेनेतर हायड्रोकार्बन धरतात. केंद्रात इंधनाच्या रकान्यात सीएनजी निवडलंय ना, एवढं बघा.

कार्बोरेटरवाल्यांसाठी थोडंच. चोक पूर्ण उघडतोय का, फ्लोटची पातळी बरोबर आहे का, एअर फिल्टर स्वच्छ आहे का, हे बघून मगच मिक्श्चर स्क्रूला हात लावा, आणि तोही यंत्र लावूनच. सीओ कमी करायच्या नादात स्क्रू आवळत गेलात की एका ठिकाणानंतर एचसी उसळी मारतो. तिथून थोडं मागे या. कॅट-कॉन नसलेल्या इंजिनात सीओ एक ते दीड टक्क्यावर ठेवला की एचसीही सहसा आटोक्यात राहतो. हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर तोच स्क्रू आणि तेच जेट थोडं लीन चालतं. जुन्या पेट्रोलवर केलेलं सेटिंग आता आयडलिंगला थरथरत असेल तर कारण हेच. ईसीयूची गाडी हा फरक आपला आपण भरून काढते. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही याच वेळी बदलून टाका.

आणि शेवटी कॅट-कॉन

वरचं सगळं नीट झाल्याशिवाय नवा कॅट-कॉन बसवलात तर तोही जाईल. मिसिंगचं कच्चं पेट्रोल त्यात पेटतं आणि आतली जाळी वितळते. जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस तिच्यावर थर धरतो. तपासायला थंड असताना रबरी हातोडीने ठोका, आत खुळखुळलं तर जाळी तुटली. गाडी चढावर दम टाकत असेल तर ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावा; २५०० च्या रेसला ०.१ बारच्या बराच वर काटा गेला तर जाळी चोंदली आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं-मागचं तापमान मोजण्याची रीत सर्रास सांगतात, पण स्वच्छ चालणाऱ्या इंजिनात कॅट-कॉनला जाळायलाच फारसं काही उरत नाही आणि चांगलाही थंड भासतो. त्यावर विसंबून खर्च करू नये.

विकत घेताना टॉर्च मारून आरपार बघा. बारीक, एकसारखी मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी दिसली पाहिजे. नुसता रिकामा पाइप किंवा आत गुंडाळलेली तारेची चाळण विकणारेही आहेत. ऑक्सिजन सेन्सरच्या आट्या बरोबर आहेत का, ते दुकानातच सेन्सर फिरवून बघा. बसवताना सेन्सरच्या आसपास साधं सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, त्याची वाफ सेन्सर आणि नवी जाळी दोन्ही खराब करते. जुना कॅट-कॉन गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारवाला त्याचे बऱ्यापैकी पैसे मोजतो. ते बिलातून वजा करून घ्या.